थंडीत पायांचं काय?

थंड देशात निघालेल्या मुलाच्या खरेदीची यादी ठरलेली असते. सगळ्यात वर जाड जाकीट. निम्मे पैसे तिथेच संपतात. मग थर्मल, कानटोपी, हातमोजे, बूट. पँटचं नाव या यादीत नसतं. "पँटी आहेत की घरात," असं म्हणून दोन-तीन जीन्स आणि ऑफिसच्या टेरिकॉटच्या पँटी बॅगेत जातात. माझी हयात लक्ष्मी रोडवर कापड फाडण्यात गेली, त्यामुळे अशी यादी पाहिली की मला राहवत नाही. माझा भाचा इंग्लंडात लीड्सला नोकरी करतो. तो सुट्टीवर आला की या विषयावर आमची जुंपते. यंदा वाद बराच रंगला, आणि त्यातलं पुष्कळसं इतरांच्याही कामाचं आहे असं वाटल्यामुळे इथे मांडतो आहे. भाच्याला डोंगरांचं वेड आहे. सह्याद्री त्याच्या पायाखालचा, हिमालयातही जाऊन आलाय. थंडीबद्दल तो बोलतो ते ऐकीव नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

"मामा, तू दरवेळी मला फ्लॅनेलची पँट शिवून घे म्हणतोस," त्याने सुरुवात केली. "फ्लॅनेल म्हटलं की मला ताईच्या बाळाची दुपटी आठवतात. नाहीतर चौकड्यांचे शर्ट. त्या कापडाची पँट घालून लीड्सच्या जानेवारीत हिंडू?"

"दुपट्यांचं फ्लॅनेल सुती असतं. सुती कापड घासून त्यावर लव आणलेली. बाळाला मऊ लागतं, पुण्याच्या थंडीला पुरतं, पण ओलं झालं की गार पडतं. मी म्हणतोय ते लोकरीचं."

"म्हणजे सुटाचं कापड."

"सुटाचं म्हणून आपल्याकडे खपतं ते बहुतेक वर्स्टेड. त्यात लोकर फणीने विंचरतात, आखूड तंतू काढून टाकतात, लांब तंतू सरळ शेजारी-शेजारी बसवून सूत काततात. कापड गुळगुळीत, चोपडं होतं. जुन्या पद्धतीच्या फ्लॅनेलसाठी लोकर नुसती पिंजतात. तंतू आडवेतिडवे राहतात, सूत फुगीर होतं आणि त्यात हवा धरून राहते. मागावरून उतरलेलं कापड विरळ असतं. ते ओलं करून, साबण लावून दाबतात, कुटतात. लोकरीच्या तंतूला खवले असतात; कुटताना ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून दाट होतं. मग वर हलकी लव उठवायची आणि ती सारखी कातरून घ्यायची. ही कुटाई पूर्वी पाणचक्कीवर चालायची. तशी एक गिरणी तुझ्या गावातच आहे."

"आर्मली मिल्स? आता म्युझियम आहे तिथे. नदीकाठी. मी गेलोय."

"एके काळी जगातली सगळ्यात मोठी लोकरीची गिरणी होती ती. माँटेग्यू बर्टनचा सूट शिवायचा अवाढव्य कारखानाही लीड्सचाच. शेजारचं हडर्सफील्ड तर वर्स्टेडसाठी जगभर नावाजलेलं. अशा मुलखात राहून तू लोकर घालत नाहीस, याचं मला वाईट वाटतं."

मी फडताळातून राखाडी फ्लॅनेलचा एक तुकडा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरला. कापडाची वीण तिरपी होती, पण लवेखाली ती दिसेनाशी झाली होती. नीट पाहिलं तर राखाडी हा एक रंग नव्हताच. काळे, पांढरे आणि मधल्या छटांचे केसासारखे तंतू एकत्र पिंजून तो रंग आला होता. चांगल्या राखाडी फ्लॅनेलला जी खोली असते ती अशी येते. विणल्यानंतर रंगात बुडवलेल्या कापडाला ती येत नाही.

"दिसायला सुंदर आहे," तो म्हणाला. "पण मामा, ऊब म्हणजे शेवटी अडकलेली हवा. तीच हवा फ्लीस कमी वजनात जास्त अडकवतो. 1979 साली अमेरिकेत माल्डन मिल्सने फ्लीस काढला, तेव्हापासून डोंगरावरच्या माणसांनी लोकर मागे टाकली. फ्लीस धुवा, झटका, थोड्या वेळात वाळतो. वजन नाही, टोचत नाही, इस्त्री नाही."

"आणि वारा?"

"वारा आरपार जातो. म्हणून वर विंडचीटर घालतो."

"आणि घाम?"

"घाम तो बाहेर टाकतो."

"बाहेर टाकतो, कारण पॉलिएस्टर पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा वाफेच्या रूपाने तंतूच्या आत घेते आणि हाताला ओली लागत नाही. हा ओलावा घेताना ती थोडी उष्णताही सोडते. इंग्लंडातली थंडी कशी असते, तूच सांगतोस: दोन-चार अंश, भुरभुर पाऊस, हवेत सतत दमटपणा. अशा हवेसाठी लोकरीसारखं दुसरं काही नाही. तंतूचं वरचं आवरण पाणी झटकतं आणि आतला गाभा वाफ पितो. एकाच केसात दोन्ही कामं."

बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून मी वाटीतलं पाणी बोटाने त्या तुकड्यावर शिंपडलं. थेंब लवेवर गोल उभे राहिले; तुकडा तिरका करून झटकल्यावर बरेचसे घरंगळून गेले. मग भाच्याच्या जीन्सच्या गुडघ्यावर तसाच एक थेंब टाकला. तो बघता बघता पसरून नाण्याएवढा काळा डाग झाला. आपल्याकडचा धनगर भर पावसात खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांमागे उभा राहतो, त्यातही लोकरीचा हाच गुण आहे. घोंगडीची दख्खनी लोकर राठ असते, तिचं फ्लॅनेल होत नाही. फ्लॅनेलला मेरिनोसारखी बारीक लोकर लागते. पण धर्म तोच.

"ट्रेकला जीन्स घालतोस का रे?" मी विचारलं.

"छे! ओली झाली की दिवसभर वाळत नाही, मांड्यांना चिकटते, पाय बधिर होतात. नव्या पोरांना आम्ही पहिली ताकीद हीच देतो."

"आणि लीड्सला ऑफिसला काय घालून जातोस?"

"जीन्स," तो म्हणाला. "पण आत थर्मल असतं."

माझा मूळ मुद्दा इथे येतो. जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवता येतं, मफलर खिशात जातो. पँट आणि तिच्या आतलं थर्मल मात्र बाहेरच्या तीन अंशांतही अंगावर असतं आणि ऑफिसच्या एकवीस अंशांतही. कमरेखाली थर घालता-काढता येत नाहीत. म्हणून पायांवरच्या एका कापडाने दोन्ही हवांमध्ये निभावून नेलं पाहिजे, आणि शहरात राहणाऱ्या पुरुषासाठी हे काम लोकरीच्या फ्लॅनेलइतकं चोख दुसरं कापड करत नाही. माझं इतकंच म्हणणं आहे. पाय थंड असले की अंगावर कितीही महागाचं जाकीट असो, माणूस कुडकुडत राहतो.

भाच्याला ते सहज पटणार नव्हतं. "एकवीस अंशांत लोकरीची पँट? शिजेन मी."

"जाड कापड घेतलंस तर शिजशीलच. जुनी इंग्रज मंडळी मीटरला 500 ग्रॅमचं फ्लॅनेल घालायची, कारण त्यांची घरं आतूनही गारठलेली असायची. तुझ्या ऑफिसला 340 ते 400 ग्रॅमचं पुरे. आणि बेतताना मांडीत सैल ठेवायची. थर्मल कातडीला चिकटून बसतं, आत हवा खेळत नाही. सैल फ्लॅनेलमध्ये चालताना खेळते. घट्ट फ्लॅनेल मी कुणाला शिवू देत नाही. त्यात ऊबही जाते आणि कापडही."

मग त्याने एव्हरेस्ट काढलं. मला अंदाज होताच.

"1922 साली जॉर्ज फिंच एव्हरेस्टवर पिसं भरलेला कोट घालून गेला. बलूनच्या कापडाचा. बाकीचे लोकरी कपड्यांत होते. आज त्या उंचीवर जाणारा प्रत्येक माणूस फिंचच्याच कोटाचा वारस घालतो. लोकरीचा कोट घालून कुणी जात नाही. निकाल लागलाय मामा."

"आणि एव्हरेस्टवरच राहून गेलेल्या मॅलरीच्या अंगावर काय होतं?"

"रेशीम, सूत, लोकर, एकावर एक. वर गॅबर्डीन."

"त्यात फ्लॅनेलचा शर्ट होता. 1999 साली त्याचं शव सापडलं तेव्हा कपड्यांवर गोडाल्मिंगच्या दुकानाचं लेबल अजून वाचता येत होतं. पंचाहत्तर वर्षं बर्फात राहून."

"ते मला माहीत आहे. त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल शिवून 2006 साली एव्हरेस्टवर घालूनही पाहिली. हलके निघाले, हालचालीला सोपे निघाले. पण उघड्यावर रात्र काढायची वेळ आली असती तर ते पुरले नसते, हाही निष्कर्ष निघाला. तू अर्धीच गोष्ट सांगतोस."

त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं म्हणालो. उणे वीस अंशांत, वादळात, शिखराच्या वाटेवर पिसांच्या कोटाशी फ्लॅनेलची बरोबरी लावू नये. मिनेसोटात किंवा मॅनिटोबात राहणाऱ्यांनी तर जानेवारीत फ्लॅनेलच्या आत लोकरीची लांब चड्डी घातल्याशिवाय बाहेर पडू नये. पण त्याच्या स्लीपिंग बॅगची कुळकथा मी त्याला सांगितल्याशिवाय राहिलो नाही. वेल्समधलं न्यूटाउन हे एकोणिसाव्या शतकात फ्लॅनेलचं गाव होतं. तिथल्या प्राइस जोन्स नावाच्या कापडवाल्याने फ्लॅनेलचे नमुने टपालाने घरोघर पाठवून, रेल्वेने माल पोचवून मोठा व्यापार उभा केला. गिऱ्हाइकांत राणी व्हिक्टोरिया होती, फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती. 1876 साली त्याने उशी जोडलेल्या, गुंडाळून घ्यायच्या लोकरी पांघरुणाचं पेटंट घेतलं आणि ती पांघरुणं रशियाच्या सैन्याला विकली. आजच्या स्लीपिंग बॅगची ती पूर्वज. त्याच वेल्समधले खाणकामगार फ्लॅनेलचे शर्ट घालून जमिनीखाली घाम गाळत. फ्लॅनेल हे कष्टकऱ्यांचं कापड होतं, साहेबाच्या अंगावर ते नंतर चढलं.

"साहेबाच्या अंगावर चढलं आणि तिथेच राहिलं," भाचा म्हणाला. "राखाडी फ्लॅनेलचा सूट म्हणजे अमेरिकेत चाकोरीतल्या नोकरदाराचा गणवेश. 1955 साली त्याच नावाची कादंबरी आली, पुढच्या वर्षी ग्रेगरी पेकचा सिनेमा. माझ्या ऑफिसात सगळे हूडी घालून बसतात. मी राखाडी फ्लॅनेल घालून गेलो तर माझी मुलाखत आहे असं वाटेल त्यांना."

"पूर्ण सूट कोण घाल म्हणतंय? फक्त पँट घाल. वर तुझा जाड विणीचा स्वेटर, गडद निळा किंवा बाटलीच्या हिरव्या रंगाचा. पायात तपकिरी स्वेडचे बूट. यात मुलाखतीसारखं काय आहे? आणि हे कापड धावपळीचं नाही असं समजू नकोस. क्रिकेटचा पोशाखच कित्येक दशकं पांढऱ्या फ्लॅनेलचा होता. आपले पळवणकर बाळू 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि शंभरावर बळी घेऊन आले, तो काळ फ्लॅनेल घालून गोलंदाजी करण्याचा."

कशाबरोबर काय शोभतं, यावर आम्ही बराच वेळ काढला, कारण इथे चूक झाली तर चांगलं कापडही फुकट जातं. फ्लॅनेलला चमक नसते. म्हणून त्याच्या जोडीला चमकणारं काही नको. रेशमी टाय, पॉलिश करून आरसा केलेले काळे बूट, गुळगुळीत वर्स्टेडचा कोट, हे सगळं त्याच्याशेजारी उपरं दिसतं. ट्वीडचा कोट, लोकरी किंवा विणलेला टाय, ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, कॉर्डरॉयचं जाकीट, स्वेड, ही त्याची सोयरीक. गडद निळा ब्लेझर आणि मध्यम राखाडी फ्लॅनेल ही जोडी तर कधीच चुकत नाही; दिल्लीच्या शाळांमधून हिवाळ्यात निळ्या ब्लेझरखाली राखाडी पँट दिसते, तिचं मूळ हेच. रंग पहिल्यांदा मध्यम राखाडी घ्यावा. कोळशासारखा गडद राखाडी संध्याकाळी छान दिसतो, पण दिवसा तो जवळपास काळाच भासतो आणि कापडातली ती मिसळण दिसत नाही. सावळ्या वर्णाला मध्यम राखाडी फार खुलतो, हे मी दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या असंख्य गिऱ्हाइकांवर पाहिलं आहे. पुढे चुण्या असाव्यात, कंबर बेंबीच्या जवळ यावी आणि मोहरी दुमडून शिवावी. त्या दुमडीच्या वजनाने पाय सरळ पडतो.

"हे सगळं ठीक," भाचा म्हणाला, "पण खरी अडचण बोल. फ्लॅनेल महाग. गुडघ्यांना फुगा येतो. मांड्यांच्या आत घासून विरतं. घरच्या मशीनमध्ये टाकता येत नाही. आणि कसर लागते. बाबांच्या जुन्या कोटाची कसरीने चाळण केली होती, मी पाहिलंय."

यातला एकही आरोप खोटा नाही. नुसत्या पिंजलेल्या लोकरीचं कापड वर्स्टेडपेक्षा लवकर झिजतं, आणि तेही नेमकं मांड्यांमध्ये. त्यावर उपाय आहेत. पहिला म्हणजे एकच पँट रोज घालू नये. लोकरीला एक-दोन दिवस टांगून ठेवलं की तिचा मूळचा बाक परत येतो आणि गुडघ्याचा फुगा बसतो. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ असताना टांगली तर लवकर बसतो. दुसरा उपाय, पुढच्या बाजूने गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर. त्याने फुगाही कमी येतो आणि अंगाला लोकर टोचत नाही. मांड्यांमध्ये आतून त्याच कापडाचा किंवा अस्तराचा ठिगळासारखा तुकडा शिंप्याकडून लावून घ्यावा. तरीही धीर नसेल तर वर्स्टेड फ्लॅनेल मिळतं: विंचरलेल्या सुताचं, लव थोडी कमी, ऊब थोडी कमी, पण टिकाऊ आणि इस्त्रीची घडी धरणारं. रोज सायकल चालवणाऱ्याने तेच घ्यावं.

धुण्याचं तर फार कमी काम असतं. लोकर वास धरून ठेवत नाही. रात्री पँट काढली की मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडायची, डाग ओल्या फडक्याने टिपायचा, हवेशीर टांगायची. ड्रायक्लीनला मोसमाच्या शेवटी एकदा दिली तरी चालते. सारखी दिली तर कापडाचा जीव जातो. कसर जास्त करून लागते ती मळक्या कपड्यांना. घामाचे, अन्नाचे अंश राहिले की तिच्या अळ्यांना आयतं खाणं मिळतं. म्हणून कपाटात ठेवण्याआधी स्वच्छ करून, चांगलं ऊन देऊन, बंद पिशवीत ठेवावं. डांबराच्या गोळ्या मुख्यतः बंद जागेतच काम करतात. उघड्या कपाटात दोन गोळ्या टाकून काही होत नाही.

शेवटी भाच्याने एक असा मुद्दा काढला की मला त्यावर मान हलवावी लागली. "मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीखालची कातडी कापतात, माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून. ऑस्ट्रेलियात अजून चालतं. न्यूझीलंडने 2018 साली बंदी घातली. तुझ्या सुंदर कापडाची ही बाजू तू कुणाला सांगतोस?"

सांगत नव्हतो, दुकानात कुणी विचारतही नसे. आता सांगतो. लोकर कुठली आणि मेंढ्यांना कसं वागवलं, हे विचारून घेण्याचा प्रत्येक गिऱ्हाइकाला हक्क आहे. विचारणारे वाढले तर व्यापारी आणि गिरण्यांनाही उत्तर ठेवावं लागेल. भाच्याच्या फ्लीसचीही एक बाजू आहे आणि ती त्याला माहीत होती: प्रत्येक धुण्यात त्यातून प्लास्टिकचे बारीक धागे सुटतात आणि पाण्यातून पुढे जातात. या दोन दुष्कृत्यांची वजाबाकी करून एक निर्दोष ठरवावं असं मला वाटत नाही. पण चांगली सांभाळलेली फ्लॅनेलची पँट वर्षानुवर्षं चालते, हे मी गिऱ्हाइकांच्या अंगावर पाहिलं आहे, आणि कमी कपडे घेऊन ते पुष्कळ वापरणं हे माझ्या लेखी कुठल्याही लेबलापेक्षा मोठं आहे.

"आणि इथे घालायची का?" त्याने जाता जाता विचारलं. मुंबईत नाही. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, आणि तीही मीटरला 280 ग्रॅमच्या आसपासची. दिल्लीत, चंडीगडला, देहरादूनला खुशाल.

भाचा डोंगरावर फ्लॅनेल घालणार नाही, घालूही नये. शहरासाठी मात्र त्याने दोन पँटींची मापं दिली, आणि मेंढ्यांबद्दल विचारल्याशिवाय कापड घ्यायचं नाही अशी अट घातली. ती मी मान्य केली.

ज्यांचं मूल, पुतण्या, जावई या हिवाळ्यात परदेशी निघालाय त्यांना माझं सांगणं असं. जाकीट थोडं स्वस्तातलं घ्या आणि वाचलेल्या पैशांत फ्लॅनेलच्या दोन पँटी शिवा. इंग्लंडात सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनची फॉक्स ब्रदर्स ही गिरणी 1772 पासून लोकरीचं कापड विणते आहे आणि फ्लॅनेलसाठी नावाजलेली आहे. इटलीत बिएल्लाकडच्या गिरण्यांचंही फ्लॅनेल उत्तम असतं. तेवढं परवडत नसेल तर आपल्याकडच्या मोठ्या कापड दुकानांत चौकशी करा. काठावर आणि लेबलवर शुद्ध लोकर लिहिलंय का ते वाचा; "लोकरीसारखं" असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका. तुकडा मुठीत घट्ट चुरगळून सोडा: चांगलं फ्लॅनेल काही क्षणांत उलगडतं आणि सुरकुती जवळपास राहत नाही. पन्हा साधारण 150 सेंटिमीटरचा असतो. एका पँटला सव्वा ते दीड मीटर लागतं, चुण्या आणि दुमड हवी असेल तर दीडच घ्या. कापण्याआधी शिंप्याला वाफ देऊन कापड आटवून घ्यायला सांगा. आणि हे सगळं सप्टेंबरातच उरका, दिवाळीच्या गर्दीत ट्रायलला कुणी वेळ देत नाही.